आग्रहाचा सेट

किती सेट मारायचे, हे विलास कदमला विचारायचं नाही, असं आमच्या रस्त्यावर ठरून गेलं होतं. विचारणारा त्या दिवशी पाच सेट मारून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला केस विंचरता येत नसत.

विलास ट्रुगानिना या आमच्या उपनगरात, आमच्या रांगेतच राहायचा. आता तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, डार्विनला असतो, तिथल्या गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. बायको मंजिरी आणि मुलगी ईशा शाळेचं वर्ष संपलं की तिकडे जाणार आहेत. जाताना त्यानं गॅरेजमधला रॅक आणि वजनं निखिलला दिली, मला एक बाक दिलं. त्या बाकावर सध्या आमचे वाळलेले कपडे घडी होण्याची वाट बघत पडलेले असतात.

तो उंचीला कमी, मानेला रुंद. व्यायाम करतानाही शर्ट पँटमध्ये खोचलेला असायचा. हिवाळ्यात गॅरेजचं दार अर्धं वर ठेवून तो माकडटोपी घालून स्क्वॉट मारायचा. समोरून कुत्रं फिरवणारे लोक थांबून बघायचे. तो बार खांद्यावर असतानाच त्यांना "मॉर्निंग" म्हणायचा. गाणी लावायचा नाही. फोनवर मराठी बातम्या चालू असायच्या आणि साताऱ्याचं नाव आलं तर तो दोन रेपच्या, म्हणजे दोन उठाबशांच्या मध्ये थांबून ऐकायचा. घाम पुसायला पंचा. बारला हात लावून कपाळाला लावायचा, पण त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "सवय आहे. देवाचं काही नाही त्यात."

शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच जण जमायचो. बहुतेक पुण्या-मुंबईचे, आयटीतले, पाठ दुखणारे. मी पुण्यात एका दैनिकात डेस्कवर होतो, म्हणून विलास मला संपादक म्हणायचा. "काय संपादक, आज पहिल्या पानावर काय? छाती की पाय?"

मला तिथे जायला लागून महिना झाला असेल, तेव्हा निखिल आला. निखिल तिशीचा, सॉफ्टवेअरमधला, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकलेला. मोबाइलवर खूप वाचून आलेला. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, मसल वाढवायला नक्की किती सेट लागतात? एक जण म्हणतो एकच पुरतो, एक जण म्हणतो आठवड्याला वीस."

विलासनं पंचा खांद्यावर टाकला.

"जेवायला किती पोळ्या लागतात तुला?"

"तीन."

"लग्नात?"

निखिल हसला. "लग्नात काय, वाढतील तेवढ्या."

"झालं तर. तीन सेट पोटासाठी. चौथा चवीसाठी. पाचवा माझ्यासाठी."

पाचवा सेट झाल्यावर निखिल बाहेर जाऊन कचऱ्याच्या बिनशेजारी उकिडवा बसला. विलास त्याच्यासाठी ताक घेऊन आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मस्त मारलास. अजून एक झाला असता."

ही भाषा त्यानं कुठून आणली ते त्यानंच एकदा सांगितलं. कराडला त्यांच्या आळीत लग्न निघालं की तो वाढपी असायचा. शाळेत असल्यापासून कंबरेला टॉवेल बांधून जिलबीची परात घेऊन पंगतीतून फिरायचा. पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी कशी सोडायची हे त्यानं आम्हाला डंबेलची प्लेट हातात घेऊन करून दाखवलं. "माणूस नको म्हणतो ते तोंडानं. पोटाला विचारायचं असतं," तो म्हणाला. त्याच्या घरी जेवायला गेलो की हेच व्हायचं. मंजिरी मात्र भांडी मधे ठेवून सांगायची, "हवं ते घ्या हं, मी आग्रह करत नाही. तो करेल."

मंजिरी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मोजून बोलते.

विलासचे वडील, आप्पा, आई गेल्यानंतर व्हिजिटर व्हिसावर आले होते. कराडच्या मार्केट यार्डात ते तोलाईदार होते, आयुष्यभर पोती मोजलेली. इथे ते सकाळी पांढरा लेंगा-सदरा आणि वर ईशाचं शाळेचं जुनं जॅकेट घालून गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. आमच्यातला कुणी बार उचलत असला की रेप ते मोजायचे. "लाभ, दोन, तीन, चार."

ईशा चौदा वर्षांची. तिनं एकदा विचारलं, "डॅड, व्हाय डझ ही स्किप वन?"

"स्किप नाही करत. पहिलं माप म्हणजे लाभ. यार्डात एक म्हणत नाहीत."

"बट इट्स स्टिल वन."

"तेच म्हणतोय."

आप्पांना परत जायचं होतं. हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. मला एकदा म्हणाले, "इथं मी बसून लोकांना बघतो. तिथं लोक मला बघायला येतात. एवढाच फरक, बाकी सगळं इथं चांगलंय." कराडला शेजारच्याच घरात त्यांचा धाकटा भाऊ, भावाची सून, नातवंडं. परतीचं ठरलं होतं, तेवढ्यात त्यांना न्यूमोनिया झाला.

हॉस्पिटलात ते बरेच दिवस पडून होते. फुप्फुसं सुधारली, पाय गेले. मी भेटायला गेलो तेव्हा चादरीखाली गुडघ्याच्या वाट्या तेवढ्या दिसत होत्या, वर-खाली मांस उरलं नव्हतं. खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. आप्पांनी मी समोर असतानाच विलासला विचारलं, "तिकिटाचं काय केलंस?"

विलास पायांकडे बघत होता. "आप्पा, तिथं तुम्हाला रात्री-अपरात्री उठवायला कोण येणार? काकांना स्वतःचं होत नाही."

"म्हणजे नाहीच का?"

"तसं नाही म्हणत मी. ज्या दिवशी तुम्ही हात न टेकता खुर्चीतून उठाल, त्या दिवशी तिकीट काढतो."

"शब्द?"

"शब्द."

आप्पांनी मान हलवली. यार्डात सौदा झाल्यावर हलवत असतील तशी.

घरी आल्यावर ट्रेसी नावाची फिजिओ यायला लागली. उन्हानं रापलेली, पन्नाशीची, बूट दारात काढून येणारी. तिनं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवली, वर उशी ठेवली आणि आप्पांना बसवलं. खुर्चीच्या हातांना धरून उठायचं, सावकाश बसायचं. असं आठ वेळा, की एक सेट. असे दोन सेट, एक दिवसाआड. जमायला लागलं की उशी काढायची, मग हात सोडायचे.

"दोनच?" विलासनं विचारलं.

"टूज प्लेंटी, मेट," ती म्हणाली. मग चहा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी काही करायचं नाही, कारण मसल उठ-बस करताना वाढत नाही, झाल्यावर पडून राहिलं की वाढतो.

ती गेल्यावर विलास मला म्हणाला, "दोन म्हणजे नुसतं पान मांडलं आणि मीठ वाढलं. जेवण कुठंय?"

पहिल्या पंधरवड्यात चांगली प्रगती झाली. उशी निघाली. आप्पा गॅरेजच्या दारात परत दिसायला लागले. मग प्रगती थांबली, आणि मग उलट घसरण सुरू झाली. उशी परत आली. एका सकाळी बाथरूममध्ये उठताना आप्पांचा उजवा गुडघा वळला. टॉवेलच्या दांडीला धरलं म्हणून ते पडले नाहीत. गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

ट्रेसीला बोलावलं, त्या दिवशी मी शिडी परत करायला गेलो होतो. सगळे हॉलमध्ये होते. ट्रेसी जमिनीवर बसून आप्पांचा गुडघा चाचपत होती. तिनं वर न बघता विचारलं, किती सेट चाललेत?

"टू," विलास म्हणाला. "सकाळी, कामावर जायच्या आधी."

जिन्यात बसलेली ईशा म्हणाली, "वी डू टू ॲज वेल. आफ्टर स्कूल."

विलासनं मान वळवली. "तू कधीपासून?"

"ही आस्क्स मी! मी आले की म्हणतात, चल दोन. आय थॉट यू न्यू."

"ती बाई काय विचारतीय?" आप्पांनी विचारलं. मंजिरीनं सांगितलं.

"हां. दुपारी दोन मी आपले मारतो, टीव्हीपुढं. त्यात काय सांगायचं?"

मग विलास म्हणाला, "संध्याकाळी आलो की दोन घेतो मी त्यांचे. म्हणजे, माझ्याकडून."

ट्रेसीनं गुडघा हळूच खाली ठेवला. मधल्या दिवशी विश्रांती देताय ना, एवढंच तिनं विचारलं. मंजिरीनं ते मराठीत सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "मधला दिवस? कसला मधला दिवस?"

मंजिरी उभी होती. तिनं ट्रेसीसमोर आवाज चढवला नाही, पण ती मराठीतून बोलली.

"लग्नाची पंगत आहे का ही? जो येतोय तो वाढून जातोय. ईशा वाढतीय, तू वाढतोयस. आणि आप्पा, तुम्हाला एकदाही पुरे म्हणता आलं नाही?"

"पोरगं कामावरनं दमून येतंय," आप्पा म्हणाले. "आल्या आल्या बूट न काढता माझ्यापुढं उभं राहतंय. त्याला नको कसं म्हणायचं?"

"मला वाटलं तुम्हाला हवंय," विलास म्हणाला.

"मला वाटलं तुला हवंय."

ट्रेसीनं विचारलं, काय म्हणतायत? ईशानं इंग्रजीत सांगितलं, "देअर बोथ बीइंग पोलाइट."

ट्रेसीनं स्पष्ट सांगितलं ते असं. सूज उतरेपर्यंत काहीही नाही. मग पहिल्यापासून सुरुवात. या वयात कमावलेलं घालवलं की ते परत येईलच असं नाही. हात न टेकता उठणं जमेल का, हे ती आता सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य कुणी आप्पांना मराठीत सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्यानंतर त्या घरात एक नियम झाला. सेट फक्त मंजिरी घेणार. सूज उतरल्यावर ती एक दिवसाआड सकाळी लॅबचा कोट घालूनच आप्पांपुढे स्टूल घेऊन बसायची. दोन सेट झाले की "झालं" म्हणायची आणि उठायची. विलासला त्या वेळी हॉलमध्ये यायची बंदी होती. तो गॅरेजमध्ये जायचा. गॅरेज आणि हॉल यांच्यामधलं दार पातळ आहे. आतून आप्पांचं मोजणं ऐकू यायचं. मी एकदा तिथे होतो. आठावर आवाज थांबला तेव्हा विलासचे ओठ पुढचा आकडा म्हणून गेले. दोन्ही हात त्यानं काखेत दाबून धरले होते.

शनिवारही बदलले. निखिलनं तीन सेट मारले आणि सवयीनं विलासकडे पाहिलं. विलास बातम्या बघत होता.

"दादा, चौथा?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? तू सांग ना."

"नको मारू मग."

निखिलनं बार ठेवला. त्याला ते आवडलं नाही. पुढच्या महिन्यात दोघं यायचे थांबले. एक जण मला म्हणाला, आता मॉलमधल्या जिमला जातो, तिथे निदान ओरडणारा ट्रेनर आहे. विलासला हे कळलं, तो "बरं" म्हणाला. त्याचा स्वतःचा व्यायाम चालू होता. तो तीन सेट मारायचा, प्लेटा उतरवून ठेवायचा, पंचा दोरीवर टाकायचा. त्याच्याकडे बघून तो दमलाय की नाही हे कळत नसे. काय चाललंय विचारलं की म्हणायचा, "चाललंय." त्याच सुमारास डार्विनच्या नोकरीचा फोन आला होता, तेही त्यानं आम्हाला असंच, प्लेटा उतरवता उतरवता सांगितलं.

आप्पांची मांडी भरत होती. मंजिरी कधी टेप लावत नव्हती, पण लेंग्याला घड्या पडायच्या त्या कमी झाल्या. उशी निघाली. मग एक हात सुटला. थंडी सरताना ट्रेसी म्हणाली की दुसरा हातही सुटेल, पण घाई नको.

एका रविवारी सकाळी विलास हॉलमध्ये चहा पीत होता. त्या दिवशी सेट नव्हते, मधला दिवस होता. आप्पा समोरच्या खुर्चीत होते. त्यांनी दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवले, पुढे वाकले आणि उभे राहिले. जरा डुलले. उभेच राहिले. हे मला मंजिरीनं सांगितलं. ती म्हणाली, आप्पा मोजत नव्हते. फक्त विलासकडे बघत उभे होते.

विलास म्हणाला, "हां."

कप खाली ठेवून तो लॅपटॉप घेऊन आला.

"आजच?" मंजिरी म्हणाली. "अरे, ट्रेसी म्हणत होती, अजून सहा आठवडे केले तर पक्कं होईल. उन्हाळा लागू दे इथे. मग पाठव."

"बोललोय मी."

"मला माहितीय बोललायस. सहा आठवड्यांनी काय शब्द मोडतो का?"

विलासनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा अजून उभे होते. "आप्पा, सहा आठवडे थांबता?" तो म्हणाला. एकदाच म्हणाला. त्यात कुठला जोर नव्हता. दुकानदार पिशवी हवी का विचारतो, तसं.

"नको," आप्पा म्हणाले.

विलासनं तिकीट काढलं.

पुढच्या शनिवारी निखिल म्हणाला, "खुर्चीचे पाय दोन इंच कापायचे ना, दादा. कळलंही नसतं. म्हातारा अजून वर्षभर राहिला असता." आम्ही हसलो. विलासही हसला. मग म्हणाला, "त्यांना कळलं असतं. पोत्यात किलोभर कमी भरलं तर कळायचं त्यांना." आणि प्लेटा चढवायला लागला.

निखिलचे आई-वडील पुण्याला परत जात होते, त्यांच्याबरोबरच आप्पांचं जाणं ठरलं. सिंगापूरला विमान बदलायचं होतं, सोबत असलेली बरी. एअरपोर्टला माझ्या गाडीतून विलास, मंजिरी, आप्पा. ईशाची परीक्षा होती. तिनं घरीच दारात आजोबांना मिठी मारली आणि आत गेली. निखिलची मंडळी त्याच्या गाडीत. रिंग रोडवर गर्दी नव्हती. आप्पा वाटेत बाहेर बघत होते. एकदा म्हणाले, "मोकळी जागा खूप आहे यांच्याकडं."

सामान गेलं. आत सोडायच्या दारापाशी बाकांवर सगळे बसलो. विलासनं तिकीट काढताना व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती घेऊन एक बाई आली. फिलिपिनो असावी, गळ्यात ओळखपत्र, हसरी. तिनं खुर्ची बाकासमोर आणून ब्रेक लावला आणि आप्पांना धरायला हात पुढे केला.

विलास मधे आला. "नो, नो. ही कॅन."

बाई मागे सरली. विलासही मागे सरला. मंजिरीनं पर्स घट्ट धरली. एअरपोर्टचं ते बाक त्यांच्या जेवणाच्या खुर्चीपेक्षा खालचं होतं, हे मला तेव्हा दिसलं. इतरांनाही दिसलं असावं. आप्पांनी हात छातीशी घेतले, पुढे वाकले. पहिल्यांदा जमलं नाही. ते परत टेकले. विलासचा उजवा हात पुढे गेला होता. तो अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला.

दुसऱ्या खेपेला आप्पा उठले.

उभे राहून त्यांनी सदरा खाली ओढला. व्हीलचेअरकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. "आणलीय बिचारीनं एवढ्या लांबनं," ते म्हणाले, आणि दोन पावलं चालून तिच्यात बसले.

मंजिरीला हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. विलास वाकून पाया पडला. आप्पांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, पोत्याचा भरीवपणा बघावा तसा दाबला. "जेवत जा," म्हणाले. बाईनं ब्रेक काढला. निखिलचे आई-वडील शेजारून चालत होते. दार दोन्हीकडे सरकलं, मग मिटलं. आप्पांना मागे वळून बघता आलं नसतं, व्हीलचेअरची पाठ उंच असते.

परत येताना मंजिरी निखिलच्या गाडीतून लॅबला गेली. माझ्याबरोबर विलास एकटा होता. पार्किंगमधून बाहेर पडलो तेव्हा त्यानं विचारलं, "सिंगापूरला किती वेळ थांबावं लागेल रे त्यांना?"

तिकीट त्यानंच काढलं होतं. मी म्हणालो, "तीन-साडेतीन तास."

"हां."

रिंग रोड लागला. डावीकडे गोदामं, मग मोकळं गवत, मग आमच्यासारखीच घरं. फ्रीवे सोडून आपल्या वळणाला लागलो तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "सिंगापूरला किती वेळ?"

मी पुन्हा सांगितलं.